तीनशे मीटरला एक डिग्री

पनवेलमध्ये राहणाऱ्याच्या खिडकीतून दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, समोर होऊ घातलेल्या टॉवरचं होर्डिंग. आणि दोन, होर्डिंगच्या कडेने जरा मान काढून बघितलं तर डोंगर. पूर्वेला माथेरानची लांबच लांब सपाट भिंत, तिच्या अलीकडे प्रबळगड, त्याला बिलगून कलावंतिणीचा तो सुळका (ज्याचे फोटो बघून दर शनिवारी अर्धी मुंबई आपल्या स्टेशनवर उतरते), आणि दक्षिणेला गोवा हायवेवर कर्नाळ्याचा अंगठा. म्हणजे आपण राहतो खाडीच्या तोंडाशी, समुद्रसपाटीला जवळजवळ चिकटून, आणि मान वर केली की सातशे-आठशे मीटरची उभी चढण. भूगोलाच्या मास्तरांसाठी हा उत्तर कोकण. आजच्या कॉलमसाठी हा ग्राफ पेपर आहे.

हो, ग्राफ पेपर. घाबरू नका बॉस, कंपासपेटी काढायला सांगणार नाही.

एक साधा प्रश्न. पाणी किती डिग्रीला उकळतं? ऑफिसच्या पॅण्ट्रीत विचारून बघा. एमबीए, सीए, सॉफ्टवेअरवाला, एचआरवाली, सगळे एका सुरात ‘शंभर!’ म्हणतील आणि तुमच्याकडे ‘हा काय प्रश्न झाला’ अशा नजरेने बघतील. पनवेलमध्ये हे उत्तर बरोबर आहे. माथेरानला चूक. लोणावळ्याला चूक. पुण्यातही चूक, आणि पुणेकरांना त्यांचं उत्तर चुकलंय हे सांगण्याची संधी आयुष्यात फार वेळा मिळत नाही, तेव्हा ती सोडू नका. माथेरान साधारण ८०० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९७.३ च्या आसपास उकळतं. पुणे ५६० मीटरवर, तिथे ९८ ला.

असं का होतं? लग्नघरातली गाद्यांची चळत आठवा. सगळ्यात खालची गादी पापड झालेली असते, वरची मात्र मस्त फुललेली. हवेचंही तसंच. पनवेलमध्ये आपण चळतीच्या तळाशी आहोत, वरच्या सगळ्या हवेचं ओझं आपल्यावर. हा हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०१३ मिलिबार. आता पातेल्यातल्या पाण्याला उकळायचं असेल तर त्याच्या वाफेला या दाबाला टक्कर द्यावी लागते. पाणी तापतं तसा वाफेचा जोर वाढत जातो, आणि तो बाहेरच्या दाबाच्या बरोबरीला आला की बुडबुडा दबून विरत नाही, टिकतो, वर येतो आणि फुटतो. तीच उकळी. डोंगरावर चढलं की डोक्यावरच्या गाद्या कमी, दाब कमी, आणि वाफेला कमी तापमानातच ती बरोबरी गाठता येते.

इथपर्यंत आठवीच्या विज्ञानातलं. आता नववी-दहावीचं बीजगणित. वाय इज इक्वल टु एमएक्स प्लस सी... ज्यांच्या पोटात गोळा आला त्यांनी दोन मिनिटं थांबा, कारण हे समीकरण तुमच्या घराच्या खिडकीत उभं आहे.

वाय म्हणजे पाणी उकळण्याचं तापमान, पुस्तकी नाव उत्कलनांक. एक्स म्हणजे उंची. सी म्हणजे सुरुवात कुठून केली तो आकडा: समुद्रसपाटीचे १००. आणि एम? मराठी पुस्तकात त्याला ‘रेषेचा चढ’ म्हणतात, आणि गणिताच्या पुस्तकातला इतका चपखल शब्द मला दुसरा माहीत नाही. आपला चढ मात्र उलटा आहे. तुम्ही चढता, आकडा उतरतो. किती? एक बिंदू घ्या पनवेलचा: उंची जवळपास शून्य, तापमान १००. दुसरा घ्या माथेरानचा: उंची ८००, तापमान ९७.३. ८०० मीटरला २.७ डिग्री गेल्या, म्हणजे साधारण ३०० मीटरला एक. झालं समीकरण!

उत्कलनांक = १०० − (उंची ÷ ३००)

उंची मीटरमध्ये. फुटांत बोलायची सवय असेल (गडाची उंची सांगताना आपण सगळे फुटांवर येतो, आकडा मोठा वाटतो) तर आणखी सोपं: हजार फुटाला एक डिग्री. एवढं पाठ ठेवलंत तरी पुरे.

आता थोडं थांबायला हवं, कारण इथे एक गोम आहे. कुठलेही दोन बिंदू घ्या, त्यांच्यातून सरळ रेषा जातेच. तिला जावंच लागतं. त्यात बिंदूंचं काही कौतुक नाही. पनवेलकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे इस्टेट एजंटाचा अख्खा धंदा दोन बिंदूंवर चालतो: विमानतळाची घोषणा झाली तेव्हाचा भाव आणि आजचा भाव. मधे पट्टी ठेवायची, रेष थेट २०३५ पर्यंत ओढायची आणि ‘सर, बुकिंग आज करताय की उद्या?’ विमानतळाला केंद्राची मंजुरी २००७ मध्ये मिळाली, भूमिपूजन २०१८ मध्ये झालं, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. या अठरा वर्षांत ती रेष किती वेळा आडवी झोपली हे ज्यांनी मधल्या काळात फ्लॅट घेऊन ठेवलाय त्यांना विचारा. जिममधल्या पहिल्या दोन आठवड्यांच्या वजनाचंही तेच. त्या रेषेने गेलं तर पुढच्या दिवाळीपर्यंत माणूस अदृश्यच व्हायला हवा.

म्हणून दोन बिंदूंवर विश्वास ठेवायचा नाही, तिसरा मागायचा. उकळीच्या रेषेला तिसरा बिंदू देऊ. महाबळेश्वर, साधारण १,३५० मीटर. समीकरण म्हणतं ९५.५. आणि तिथे पाणी उकळतं ९५.५ च्याच आसपास. चौथा? कळसूबाई, महाराष्ट्राचा माथा, १,६४६ मीटर. समीकरणाचं उत्तर ९४.५. बरोबर. ठीक आहे, सह्याद्री तसा बुटकाच, इथे काहीही चालेल. हिमालयात जाऊ. लेह, साधारण ३,५०० मीटर. समीकरण: ८८.३. तेही बरोबर! आता शेवटचं टोक. एव्हरेस्ट, ८,८४९ मीटर. समीकरण म्हणतं ७०.५. आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी उकळतं ७० ते ७२ च्या दरम्यान, त्या दिवशीच्या हवेप्रमाणे.

माझ्या मते खरी भन्नाट गोष्ट ही आहे. सरळ रेषा दिसली की हुशार माणसं लगेच बोट उचलतात, ‘ही फक्त जवळजवळच्या उंचीपुरती, वर गेलं की वाकणार.’ शंका रास्त आहे. कारण हवेचा दाब उंचीबरोबर सरळ रेषेत उतरत नाही. तळाच्या गाद्या दाबलेल्या आणि वरच्या फुललेल्या, त्यामुळे खाली दाब भराभर उतरतो, वर सावकाश. चांगला वाकडा आलेख आहे तो. आणि वाफेचा जोर? तोही तापमानाबरोबर सरळ वाढत नाही, आधी हळू आणि मग सुसाट. म्हणजे दोन वाकड्या रेषा. मग दोघांना एकत्र बांधल्यावर सरळ रेष कुठून आली?

पगार आणि घरभाड्याचं उदाहरण घ्या. बीकेसीतली नोकरी सोडून गावाकडे गेलेला एखादा मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. पगार कमी झाला, पण भाडंही त्याच प्रमाणात कमी झालं, म्हणून महिन्याअखेरीस हातात उरतं तेवढंच. उकळीचा फंडा हाच. पनवेलहून ३०० मीटर चढलात की हवेचा दाब साधारण ३५ मिलिबारने कमी होतो, आणि शंभरच्या आसपास पाण्याची एक डिग्री खाली यायला दाब साधारण तेवढाच कमी व्हावा लागतो. आता लेहला जा. तिथे आणखी ३०० मीटर चढलात तर दाब फक्त २५ मिलिबारने उतरतो. पण ८८ डिग्रीच्या आसपास एका डिग्रीची किंमतही २५ मिलिबारच! कमाई घटली, भाव घटला, दोन्ही एकाच चालीने. त्यामुळे ३०० मीटरला एक डिग्री हा हिशेब पनवेलच्या खाडीपासून एव्हरेस्टपर्यंत जवळजवळ तसाच चालू राहतो. किंचित वाकतो, नाही असं नाही. पण डिग्रीभराच्या आत.

दोन वाकडी माणसं एकत्र येऊन सरळ संसार करतात असं पाहिलंय ना आपण? तसंच. असो.

या रेषेला आपल्या दख्खनचा इतिहासही आहे. थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवायचा, किती डिग्री ते बघायचं आणि त्यावरून डोंगराची उंची काढायची, म्हणजे समीकरण उलटं चालवायचं, ही युक्ती एकोणिसाव्या शतकातले सर्व्हेवाले सर्रास वापरत. उंची मोजायला बॅरोमीटर होताच, पण त्या काळचा बॅरोमीटर म्हणजे पाऱ्याने भरलेली जवळजवळ मीटरभर लांबीची काचेची नळी. ती बैलाच्या पाठीवर लादून घाट चढवायची कल्पना करा. थर्मामीटर खिशात मावतो. विल्यम हेन्री साइक्स नावाचा मुंबई लष्करातला अधिकारी १८२४ पासून काही वर्षं सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत इथले डोंगर-पठार तुडवत होता. पिकं, लोक, पाऊस, पक्षी, त्याने काही सोडलं नाही (एका चंडोलाला आजही त्याचं नाव आहे). त्याच साइक्सने १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये साध्या थर्मामीटरने उंची कशी मोजावी यावर लेख लिहिला. महागडं उपकरण नको, पत्र्याचं साधं भांडं, पाणी, जाळ आणि बाजारात मिळणारा थर्मामीटर चालेल, असा त्याचा एकंदर सूर. जुगाड हा शब्द त्याला माहीत नसावा, पण जात तीच.

आणि यात पनवेल कुठे? रेषेच्या पायथ्याशी. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने खाडीतून पनवेल बंदरात उतरायचा आणि इथून बोरघाटाकडे निघायचा. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात खुला झाला. आज आपण कळंबोलीला एक्स्प्रेस-वेला लागतो, खालापूरच्या टोलनाक्यानंतर घाट चढतो आणि लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानासमोर गाडी लावतो, तेव्हा आपण शून्यावरून साधारण ६२० मीटरवर आलेलो असतो. पातेल्यातल्या दोन डिग्री वाटेत कुठेतरी खोपोली-खंडाळ्याच्या मधे पडून गेलेल्या असतात. एक्झिट कधी गेली कळत नाही तसं.

याहून थरारक गोष्ट नैनसिंग रावतची. कुमाऊंचा हा शाळामास्तर. सर्व्हे खात्याने त्याला हेरगिरीचं आणि मोजणीचं शिक्षण देऊन तिबेटात पाठवलं, कारण परक्यांना तिथे बंदी होती. १८६६ च्या सुरुवातीला तो ल्हासाला पोचला. पावलं मोजायला मण्यांची जपमाळ, कागद लपवायला प्रार्थनाचक्र, आणि थर्मामीटर लपवायला काठी. मुक्कामावर चहासाठी पाणी ठेवणाऱ्या यात्रेकरूवर कोण संशय घेणार? तो उकळी बघत होता आणि नकाशात न आलेल्या प्रदेशाची उंची नोंदवत होता. ल्हासा साधारण ३,६५० मीटरवर आहे. आपल्या समीकरणात घालून बघा, ८७.८ येतील.

आता यात एक मेख आहे, आणि ती या जुन्या लोकांना पक्की ठाऊक होती. चढ पक्का आहे, पण सी पक्का नाही. समुद्रसपाटीचा हवेचा दाब रोज सारखा नसतो. मुंबई-पनवेलच्या पट्ट्यात जानेवारीच्या कोरड्या हवेत तो जितका असतो त्याहून भर पावसाळ्यात साधारण दहा मिलिबारने कमी असतो. दहा मिलिबार म्हणजे उकळीच्या भाषेत पाव डिग्रीहून थोडं जास्त. म्हणजे उंचीच्या भाषेत? ऐंशी-नव्वद मीटर! जुलैतलं पनवेल थर्मामीटरला जानेवारीतल्या पनवेलपेक्षा पंचवीस-तीस मजले उंच दिसतं, एकही पायरी न चढता. (होर्डिंगवाल्यांना सांगू नका. ‘मान्सूनमध्ये हिल स्टेशन लिव्हिंग’ अशी जाहिरात येईल.)

त्यामुळे नुसतं डोंगरावर जाऊन पाणी उकळलं आणि उंची काढली तर ती दीड-दोन मोठ्या टॉवरने चुकू शकते. उपाय साधा आहे. पायथ्याशीही त्याच दिवशी पाणी उकळून बघायचं आणि दोन आकड्यांची वजाबाकी करायची. वजाबाकीत सी कटतो, उरतो तो निव्वळ चढ. दहावीला ‘दोन समीकरणं वजा करा’ म्हणून जे रटाळ गणित घासलं, ते काय कामाचं याचं मला मिळालेलं हे सगळ्यात बरं उत्तर. तुमच्या हातातलं ट्रेकिंगचं घड्याळ किंवा बॅरोमीटर असलेला फोनही आतून हेच करतो. पाणी उकळत नाही, थेट दाब मोजतो, पण चढायच्या आधी पायथ्याची उंची सेट करा म्हणतो ती याच सी साठी. आपण ती सूचना ‘स्किप’ करतो आणि मग वर जाऊन घड्याळाला शिव्या घालतो.

आता किचन. कारण शेवटी प्रश्न पोटाचा आहे.

प्रबळमाचीवर मुक्कामाला गेलेल्या दर तिसऱ्या ग्रुपमध्ये एक तरी एक्सपर्ट असतो, जो खिचडीतली डाळ कच्ची राहिली की म्हणतो, ‘अरे उंचीवर असंच होतं, प्रेशर कमी असतं ना.’ पुढच्या वेळी त्याला समीकरण दाखवा. कलावंतिणीचा सुळकाच साधारण ७०० मीटरचा, माची त्याच्याही खाली. म्हणजे गेल्या किती? फार तर दोन डिग्री. दोन डिग्रीने डाळ कच्ची राहत नाही. डाळ जुनी असते, भिजवलेली नसते, पातेल्यावर झाकण नसतं, किंवा एक्सपर्ट गप्पा मारत असतो.

लेहला मात्र त्याचं म्हणणं खरं ठरेल. इथे एक वेगळाच पेच आहे. तापमान सरळ रेषेत उतरतं, पण शिजायला लागणारा वेळ सरळ रेषेत वाढत नाही. रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा असा की तापमान दहा डिग्रीने घसरलं की क्रियेला दुप्पट वेळ लागतो. पनवेलमध्ये उघड्या पातेल्यात वीस मिनिटांत होणारा भात माथेरानला चोवीस-पंचवीस मिनिटं घेईल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. लेहला तोच पाऊण तास घेईल. दुप्पट, मग दुपटीची दुप्पट: क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचीच चाल, आणि ती दिसतेही तशीच, म्हणजे बराच वेळ दिसतच नाही. चार्ल्स डार्विनला हा अनुभव १८३५ मध्ये आला. चिलीतून अँडीज पर्वत ओलांडताना रात्रभर जाळावर ठेवलेले बटाटे सकाळी तसेच टणक. डार्विनला कारण माहीत होतं. त्याच्या बरोबरच्या माणसांनी मात्र ठरवलं की भांडं नवीन आहे, त्याच्याच मनात बटाटे शिजवायचे नाहीत. ग्रुपमधल्या एक्सपर्टची परंपरा जुनी आहे.

आणि गॅस मोठा करून काहीही होत नाही. हे पनवेललाही लागू. पाणी एकदा उकळायला लागलं की तुम्ही खाली कितीही जाळ लावा, तापमान तिथल्या तिथेच. जास्तीचा गॅस फक्त पाण्याची वाफ करण्यात जातो. उकळी आली की आच बारीक करा. सिलिंडरचा भाव बघता हे वाक्य मी जाड टाइपात छापायला सांगणार होतो.

खरा उपाय आईच्या ओट्यावर आहे. कुकर! शिट्टीचं वजन आतल्या वाफेला बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक वातावरण जास्तीचा दाब गाठेपर्यंत अडवून धरतं. पनवेलमध्ये त्यामुळे आत १२० डिग्री होतात. लेहला बाहेरची हवाच विरळ, तिच्यावर तेवढीच भर पडते, म्हणून आत ११४ च्या आसपास. मजा बघा: उघड्या पातेल्यात पनवेल ते लेह फरक १२ डिग्रींचा, कुकरमध्ये ६ चा. म्हणजे कुकर नुसती रेष वर उचलत नाही, तिचा चढही निम्मा करतो. लडाखला बाइकवर निघालेल्यांनी सॅडल बॅगेत दोन लिटरचा कुकर टाकावा, असं माझं प्रामाणिक मत आहे. तिसऱ्या जॅकेटची जागा द्या त्याला.

पाणी उकळून पिण्याबद्दल मात्र एक गैरसमज काढून टाका. ‘वर पाणी नीट तापतच नाही, मग जंतू मरत नसतील’, असं काही जण म्हणतात आणि उकळायचंच सोडून देतात. चूक. जंतू मारायला लेहचे ८८ डिग्रीही पुरतात, फक्त थोडा जास्त वेळ द्यायचा. खळखळून उकळी आल्यावर एरवी एक मिनिट, आणि दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. आपल्या सह्याद्रीत कुठेही एक मिनिट पुरेसं, कारण इथे दोन हजार मीटर नाहीतच.

लडाखचा विषय निघालाच आहे तर खार्दुंग ला. तिथला पिवळा बोर्ड अनेक वर्षं १८,३८० फूट सांगत आला, आणि त्याच्याखाली उभं राहून फोटो न काढलेला बुलेटवाला सापडणं अवघड. जीपीएसच्या मोजणीत खिंड निघाली ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. आठशे फुटांची फेकाफेक! आपल्या हजार फुटाला एक डिग्री या हिशेबाने ही पाऊण डिग्रीहून जास्त झाली. चांगला थर्मामीटर, स्टोव्ह आणि लेहमधलं त्याच दिवशीचं रीडिंग एवढ्यावर हा बोर्ड पकडता आला असता. नैनसिंगने नक्की पकडला असता.

डोंगर-बिंगर नको असेल तरी रेष सुटत नाही. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीइतका ठेवत नाहीत, सहा ते आठ हजार फुटांवर असावा तितका ठेवतात. म्हणजे नवी मुंबई विमानतळावरून उडालेल्या माणसाच्या टी-बॅगवर पडणारं पाणी फार तर ९२ ते ९४ डिग्रींचं. टी-बॅगला खरं तर कडक उकळतं पाणी लागतं, त्यामुळे तो चहा बेचव लागला तर एअरलाइनला सगळा दोष देऊ नका, थोडा हवेलाही द्या. आपला नाक्यावरचा चहा या बाबतीत हुशार. तो पाणी ओतून होत नाही, उकळत राहून होतो. दोन-चार डिग्री कमी पडल्या तर टपरीवाला आणखी एक उकळी काढतो आणि हिशेब फिटतो.

करून बघायचं असेल तर येत्या वीकेण्डला माथेरान गाठा. किचनसाठी मिळणारा डिजिटल थर्मामीटर घ्या, दशांशात आकडा दाखवणारा. सकाळी निघण्याआधी घरी पातेल्यात पाणी उकळा, थर्मामीटरचं टोक तळाला टेकू देऊ नका, आकडा थांबला की लिहून घ्या. तो नेमका १०० नसेल. ९९.६ असेल, १००.४ असेल, काळजी नको, तो तुमचा सी आहे. मग नेरळमार्गे जा, किंवा पाय धड असतील तर आपल्या बाजूने, धोदाणीतून सनसेट पॉइंटला चढा. जंगलात स्टोव्ह पेटवू नका. वर बाजारात कुठल्याही खानावळीत चहा मागवा आणि मालकाला विनंती करून त्याच्या पातेल्यातल्या नुसत्या पाण्यात थर्मामीटर धरा. तो वेड्यात काढेल, काढू दे. वजाबाकी २.५ ते २.९ च्या मधे यायला हवी. तिला ३०० ने गुणा. आठशेच्या जवळपास आलं तर माथेरान जागेवर आहे. दोन हजार आलं तर सोमवारी थर्मामीटर दुकानदाराला परत करा, बिल जपून ठेवलं असेल तर.